बायबलाच्या घरातून हिंगण्याकडे

पुणे शहरातून कर्वे रस्त्याने नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या माणसाला आज दुतर्फा इमारतींखेरीज काही दिसत नाही. आणि रस्त्याच्या शेवटाशी, मुठेच्या बाजूस, जी वस्ती लागते तिचे नाव कर्वेनगर हे त्याने इतक्या वेळा ऐकलेले असते की, त्या नावामागे एक माणूस होता व त्या माणसापूर्वी तेथे हिंगणे बुद्रुक नावाचे एक खेडे होते, याची आठवण होण्याचे त्याला कारणच पडत नाही. सन 1900 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी आपला अनाथ बालिकाश्रम येथील उजाड माळावर आणला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि एक झोपडी उभी राहील इतका पैसा दिला, शहरात प्लेगने कहर मांडलेला होता, आणि विधवांची संस्था वस्तीपासून जितकी दूर तितकी तिच्या चालकांस व निंदकांस दोघांसही सोयीची होती. येथवरची हकीकत पुण्यातील शाळेच्या मुलांसही ठाऊक असते. परंतु ही झोपडी उभी राहण्याच्या सात वर्षे आधी याच शहरात स्त्रियांचे एक दुसरे घर मोडता मोडता राहिले, आणि ते मोडू पाहणाऱ्या भयातूनच हिंगण्याच्या आश्रमाची गरज उत्पन्न झाली, ही गोष्ट तितकी सांगितली जात नाही. ते घर म्हणजे पंडिता रमाबाईंचे शारदासदन. आणि ते भय म्हणजे बायबलाचे.

हे भय समजून घ्यावयाचे तर त्या काळच्या पुण्याची समजूत ध्यानी घेतली पाहिजे. बायबल वाचणे आणि ख्रिस्ती होणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत असे तेव्हा कोणी मानीत नसे. एकदा तो ग्रंथ हाती घेतला की पाऊल घसरलेच. या समजुतीस आधार नव्हता असेही नाही. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीतील कोकणस्थ पंडित. मिशनऱ्यांचे खंडन करावे म्हणून त्यांनी ख्रिस्ती मताचा अभ्यास आरंभिला, संस्कृतात त्याविरुद्ध ग्रंथ लिहिला, आणि अखेर 1848 साली बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. असा पंडित जेथे टिकला नाही तेथे पंधरा वर्षांच्या विधवेची काय कथा, असा सवाल सदाशिव पेठेतील गृहस्थाने केला तर त्यास निरुत्तर करणे सोपे नव्हते. त्यातच 1890 च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण घडले. रानडे, टिळक यांच्यासारख्यांची नावे वृत्तपत्रात छापून आली, शंकराचार्यांपर्यंत खटला गेला आणि प्रायश्चित्ते झाली. पाद्र्याच्या घरचा पेलाभर चहा जेथे एवढा महाग पडला, तेथे ख्रिस्ती बाईच्या छपराखाली वर्षानुवर्षे राहणाऱ्या मुलींकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत असेल याची कल्पना करावी.

ती ख्रिस्ती बाई मात्र कोणाच्याही कल्पनेत बसणारी नव्हती. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. बापाने अरण्यात राहून बायकोला व मुलीला संस्कृत शिकविले, आणि त्या पापाचे फळ म्हणून की काय, त्या कुटुंबाला गावोगाव पुराणे सांगत फिरावे लागले. 1874 च्या सुमारास उपासमारीने आईबाप गेले. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 साली त्याच मुलीला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिने जातीबाहेर लग्न केले, आणि आसामकडील सिलचर गावी, नवऱ्याच्याच पुस्तकांत, लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत तिच्या हाती लागली. रमाबाईंचे बायबलवाचन सुरू झाले ते असे. मिशनशाळेत नव्हे, पाद्र्याच्या पाठीमागे लागण्याने नव्हे, तर घरातल्या फडताळातून. तेथील एक बाप्टिस्ट मिशनरी पुढे येऊन समजावून देऊ लागला तेव्हा नवऱ्यास ते रुचले नाही. 1882 च्या फेब्रुवारीत नवरा पटकीने वारला. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्री धर्म नीति’ हे पुस्तक लिहून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात बातमी आली तेव्हा लोकांनी समजून घेतले की, आता ही बाई पाद्र्यांची झाली. वाँटेजच्या मठातील भगिनींचीही तशीच समजूत होती. दोघेही चुकले. पुढील तीन वर्षांत रमाबाई व त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्यामध्ये जो पत्रव्यवहार झाला तो पुढे छापला गेला आहे, आणि नवा धर्म घेतलेल्या माणसाने त्या धर्माच्या अधिकाऱ्यांस इतक्या निर्भयपणे उलट विचारल्याची उदाहरणे आपल्याकडे फार थोडी. जेराल्डीन यांस रमाबाई आजीबाई म्हणत. त्या आजीबाईंचे म्हणणे साधे होते: चर्चने शतकानुशतके विचार करून जे ठरविले ते नव्या शिष्येने नम्रपणे स्वीकारावे. रमाबाईंचे म्हणणे त्याहून साधे होते: जे बायबलात आपल्याला सापडत नाही ते आपण मानणार नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक, हे गूढ त्यांच्या बुद्धीस पटेना. येशूच्या दैवी जन्माविषयी त्या शंका विचारीत. लहानग्या मनोरमेला हे सिद्धान्त आधीच घोटून देऊ नयेत असा त्यांनी आग्रह धरला. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशीही त्यांनी याच विषयांवर दीर्घ वाद केला. पण बीलबाई विचारी होत्या, त्या रागावल्या नाहीत.

वादाचे विषय पाहू गेल्यास काही हसू येण्याजोगे आहेत. खिरीसारख्या पदार्थात अंडे असेल तर ही ब्राह्मणकन्या खात नसे, आणि मठवासिनींस यात जुन्या धर्माचा अहंकार दिसे. क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले होते. रमाबाईंनी विचारले की लॅटिनच का, संस्कृत का नको? लॅटिन तेवढी देवाची भाषा आणि संस्कृत मूर्तिपूजकांची, असे कोणी ठरविले? एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड आपण होऊन मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, हा त्यांच्या सर्व उत्तरांचा आशय. पुण्याच्या शास्त्रीमंडळींनी ही पत्रे तेव्हाच वाचली असती तर त्यांना दोन गोष्टींचे आश्चर्य वाटले असते. एक, की ही बाई जशी आपले ऐकत नव्हती तशीच तिकडच्यांचेही ऐकत नाही. दुसरे, की तिला चर्चच्या आज्ञेबाहेर नेणारा ग्रंथ तोच होता ज्याने तिला चर्चच्या दारात आणले. ख्रिस्तावरील श्रद्धा रमाबाईंनी कधी सोडली नाही. त्या श्रद्धेचा मक्ता दुसऱ्याकडे आहे ही गोष्ट मात्र त्यांनी अखेरपर्यंत कबूल केली नाही. धर्म सोडणे आणि धर्माधिकाऱ्यास सोडणे यांतील अंतर त्यांच्याइतके कोणी मोजून पाहिले नसेल.

1886 मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक 1887 साली निघाले, आणि बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे पत्करले. अट अशी की, घर कोणत्याही पंथाचे नसावे. तेथे मुलींनी आपापला आचार पाळावा, आणि धर्माचे शिक्षण कोणास देऊ नये. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी दोनच. त्यांपैकी एक अविवाहित मुलगी होती, आणि दुसरी गोदूबाई नातू, मूळच्या देवरुखच्या जोशी, लहानपणीच लग्न होऊन लहानपणीच वैधव्य आलेल्या. सदनातील त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. ही दुसरी मुलगीच या हकीकतीची खरी नायिका आहे. पण नायिकेने बोलावे असा तो काळ नव्हता, म्हणून तिच्याकडे थोड्या वेळाने वळावे लागते.

सदनातील स्वयंपाक ब्राह्मणी रीतीने होई. व्रते, पूजा करावयाची त्यांस मोकळीक होती. पुस्तकांच्या संग्रहात आपल्या धर्मग्रंथांबरोबर बायबलही ठेवलेले असे. कोणी कोणते उघडावे याची सक्ती नाही आणि बंदीही नाही. आश्चर्य असे की, आरंभी या व्यवस्थेवर तुटून पडले ते मिशनरी. ख्रिस्ती लोकांच्या पैशावर चालणाऱ्या घरात ख्रिस्ताचे नाव घ्यावयाचे नाही म्हणजे काय, हा त्यांचा आक्षेप. पुण्याचा आक्षेप नेमका उलटा. 1889 च्या अखेरीस एका अमेरिकन ख्रिस्ती साप्ताहिकाने असे छापले की, सदनात सात विधवा असून त्यांपैकी दोघींनी ख्रिस्ती धर्माविषयी प्रेम दाखविले आहे. ‘केसरी’ने ते उचलून धरले. वादाच्या या पहिल्या फेरीतून सदन निभावले, 1890 च्या नोव्हेंबरात ते पुण्यास आले, आणि रानडे व भांडारकर यांच्यासारखे सल्लागार पाठीशी असल्यामुळे मुलींची संख्याही वाढली.

तथापि 1891 च्या सुमारास खुद्द रमाबाईंच्या मनात पालट झाला. आपल्याला आजवर ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी त्या काळाविषयी पुढे लिहिले. आतापर्यंत जी बुद्धीची झटापट होती तिच्या ठिकाणी भक्ती आली. त्या आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. सगळ्या प्रकरणाचा सांधा या उघड्या दारात आहे. मुली येऊन बसत. रमाबाई म्हणत, मी बोलावीत नाही. पण आलीस तर जा म्हणून सांगणार नाही, कारण हे घर माझेही आहे. सल्लागारांचे म्हणणे, दार लावून घ्यावे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि हे कबूल केल्यावाचून त्या वादाचा न्याय होत नाही. ज्या आईबापांनी पंथनिरपेक्षतेच्या वचनावर विसंबून मुली पाठविल्या त्यांना फसविल्यासारखे वाटले तर त्यांस दोष देता येत नाही. पोरकेपणात जिने माया लावली ती बाई जे करते ते करावेसे मुलींस वाटणारच. त्यास सक्ती लागत नाही. उलटपक्षी, स्वतःच्या घरात दार बंद करून देवाचे नाव घ्या, असे हिंदू गृहिणीस कोणी सांगितले असते काय?

1893 च्या ऑगस्टात सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि सदन हे आता उघड मिशनरी घर झाले असे समजावे अशा अर्थाचा इशारा लोकांस दिला. वर्तमानपत्रांनी रान उठविले. पालक येऊ लागले, आणि वीसपंचवीस मुली घरी नेण्यात आल्या. येथे क्षणभर थांबले पाहिजे. त्या वादात रमाबाईंनी लिहिले, रानड्यांनी लिहिले, टिळकांनी तर लिहिलेच. ज्या मुली गाठोडे बांधून टांग्यात बसल्या त्यांना कोणी काही विचारले असे आढळत नाही. बायबल आवडले म्हणून त्या आल्या नव्हत्या आणि नावडले म्हणून गेल्या नाहीत. अक्षरओळख, मोकळे केस, नेसायला धड लुगडे, आणि ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द कानी न पडण्याची हमी, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या. त्यांच्यापैकी पुष्कळींसाठी परतीची वाट स्वयंपाकघराच्या अंधारात आणि न्हाव्याच्या वस्तऱ्यापाशी जात होती. धर्म राखला गेला. मुलींचे काय झाले, याचा हिशेब धर्म राखणाऱ्यांनी ठेवला नाही. आणि पुणे शहराने आपल्या सुधारणेच्या इतिहासात या पानाची जागा कोरी ठेवली आहे, हे बरे नव्हे.

गोदूबाई या गर्दीत नव्हत्या, कारण त्यांनी ते घर पाच महिने आधीच सोडले होते, आणि ते अगदी निराळ्या रीतीने. धोंडो केशव कर्वे हे त्यांच्या भावाचे, नरहरपंतांचे, स्नेही. 1891 साली कर्व्यांची पहिली पत्नी वारली, त्याच वर्षी ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले, आणि पुन्हा लग्न केले तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. गोदूबाईंच्या वडिलांच्या संमतीने 11 मार्च 1893 रोजी पुण्यात हा विवाह वैदिक विधीने झाला. शारदासदन उघडून त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. म्हणजे चार वर्षे बायबलाच्या शेजारी, रमाबाईंच्या मायेत, त्या उघड्या दाराच्या समोर राहून सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी बाप्तिस्मा न घेता बाहेर पडली आणि होमाग्नीपुढे उभी राहिली. ‘एकदा वाचले की पाऊल घसरले’ या सिद्धान्ताला इतके जवळचे व इतके ठळक उत्तर दुसरे नव्हते. पण उत्तर पाहण्याच्या मनःस्थितीत कोण होते? नवरा विधवेशी लग्न केलेला, म्हणून मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्काराचा ठराव केला. ख्रिस्ती न झालेल्या गोदूबाई हिंदू म्हणूनही गावास नकोशा ठरल्या.

लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. पुढे सर्व त्यांस बाया म्हणत. शारदासदनाच्या बोभाट्यानंतर तीन वर्षांनी, 1896 च्या जूनमध्ये, कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला, त्यास आरंभी स्वतःचे एक हजार रुपये दिले, आणि अध्यक्षस्थानी डॉ. भांडारकर आले, तेच भांडारकर ज्यांनी सदनाचा राजीनामा दिला होता. या निवडीचा अर्थ शहरास कळला: रमाबाईंच्या घरासारखेच घर, पण बायबल वगळून. कर्व्यांनी रमाबाईंची निंदा कधी केली नाही, उलट त्यांचे ऋण मानले. परंतु 1893 चा धडा त्यांनी पुरता गिरविला होता. लोकांच्या विश्वासाचा धागा किती बारीक असतो हे त्यांनी पाहिले होते. म्हणून आश्रमातील आचार सोवळ्याओवळ्यासह जुन्या वळणाचा ठेवला. आरंभी प्रवेशही ब्राह्मण विधवांनाच. इतकेच नव्हे, तर आश्रमाचा पुनर्विवाहाशी काही संबंध नाही, तेथे फक्त शिक्षण मिळेल, असे त्यांनी जाहीर केले, आणि पुनर्विवाहाच्या चळवळीतून स्वतःचे अंग काढून घेतले.

याची झळ कोणास लागली? बायांस. ज्या बाईच्या लग्नापासून कर्व्यांचे सारे सार्वजनिक जीवन सुरू झाले, ती पुनर्विवाहित असल्यामुळे आश्रमात राहण्यास योग्य नव्हती. तिला तेथे पाहून मुलींच्या मनात नको ते विचार येतील आणि वर्गणीदार बिथरतील, असे भय. कर्वे कॉलेजातील काम आटोपून चिखलातून पायी हिंगण्यास जात, आणि बाया शहरात संसार ओढीत. ख्रिस्ती घरात ज्या मुलीला कोणी परके म्हटले नव्हते तिला हिंदू विधवांच्या घराचा उंबरा जपून ओलांडावा लागला. उलट बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हिने केशवपन केलेले होते, म्हणून ती आश्रमाची आधारस्तंभ होऊ शकली. गावोगाव वर्गणी मागावयास तिचे ते मुंडण केलेले मस्तक आणि तांबडे लुगडे हेच सर्वांत भरवशाचे प्रशस्तिपत्र ठरले. कर्व्यांच्या धोरणाला यश आले हे खरे. 1907 मध्ये महिला विद्यालय, 1908 मध्ये निष्काम कर्ममठ आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ, एवढा विस्तार त्याच माळावरून झाला. तरी त्या यशाच्या पायात एका घरच्या बाईचा मान पुरलेला आहे, हेही खरे.

रमाबाईंकडे त्या वर्षांत निराळाच प्रवाह वाहू लागला होता. 1896–97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य हिंदुस्थानातून शेकडो मुली व बायका उचलून आणल्या, आणि केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. तेथे ब्राह्मणी स्वयंपाकाचा प्रश्न उरला नाही, कारण जातीचाच प्रश्न उरला नाही. आणि बोस्टनच्या अटीही संपल्या होत्या, म्हणून बायबल आता संग्रहाच्या फळीवरून उतरून घराच्या मध्यभागी आले. हिंगणे सावध होते आणि मर्यादित होते. केडगाव उदार होते आणि उघड ख्रिस्ती होते. 1893 मध्ये दोन्ही बाजूंस थोडा धीर असता तर सावधपणा व औदार्य एका छपराखाली नांदले असते की नाही, हे सांगणे कठीण आहे. कदाचित नसतेही. रमाबाई तडजोडीच्या नव्हत्या.

त्या किती तडजोडीच्या नव्हत्या याची साक्ष त्यांच्या शेवटच्या कामात आहे. मराठीत बायबल होते. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी 1811 मध्येच नवा करार छापला होता, आणि नंतर सुधारलेली भाषांतरेही झाली होती. रमाबाईंना त्यांतील भाषा पसंत नव्हती. ती संस्कृत शब्दांनी जड झालेली, शास्त्र्यांनी शास्त्र्यांसाठी लिहिल्यासारखी होती, आणि ज्या स्त्रिया नुकत्याच अक्षरे जुळवू लागल्या त्यांना तिचा उपयोग नव्हता. तेव्हा उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल पुन्हा मराठीत आणावयास बसल्या. संस्कृत पांडित्यावर जिची कीर्ती झाली त्या बाईने संस्कृत शब्द एकेक करून वगळावेत, यात एक चमत्कारिक कठोरपणा आहे. भाषेच्या दृष्टीने ते भाषांतर ठिकठिकाणी खडबडीत झाले आहे, हेही मान्य केले पाहिजे. पण मधे कोणी सांगणारा नसावा, बाईने ग्रंथ उघडावा आणि स्वतः वाचावा, हाच त्यांचा वाँटेजपासूनचा हट्ट. केडगावच्या छापखान्यात स्त्रियांनीच खिळे जुळविले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला.

आणि बाया? त्यांनी म्हातारपणी आपल्या आयुष्याची हकीकत सांगितली, ती 1944 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. देवरुख, शारदासदन, पुण्यातील संसार, हिंगणे हे सगळे त्यात आहे. जी बाई पुराण ऐकत वाढली, बायबलाच्या घरात शिकली आणि दोन्ही घरांच्या उंबऱ्यांवर उभी राहिली, तिच्या त्या पुस्तकाचे नाव आहे ‘माझे पुराण’.